पिवळी बाजू

४ मार्च

प्रिय वन्सं,

तुम्ही विचारलंत, या म्हाताऱ्यांच्या राजवाड्यात कसं काय चाललंय. तर राजवाडा उत्तम आहे. तुमचा दादा असता तर पहिल्याच दिवशी सगळे नळ उघडून बघितले असते आणि दुसऱ्या दिवशी तक्रारवहीत पानभर लिहिलं असतं. मला मात्र तक्रारीला जागाच सापडत नाही.

लिफ्टपासून माझ्या दारापर्यंत लांब व्हरांडा आहे, त्यात दोन्ही बाजूंना धरायला कठडे आहेत. न्हाणीघरात लाल दोरी आहे, पडलं-झडलं तर ओढायची, की खाली कार्यालयात घंटा होते. कपड्यांना आतून खोलीचा नंबर शिवलेला असतो, त्यामुळे धुलाईत माझा परकर दुसऱ्याच बाईला जात नाही. कोमट पाण्याचा तलावसुद्धा आहे. मी कुठली उतरतेय, पण काठावर बसून बाकीच्यांची गंमत बघते. चित्रपट दाखवतात, खाली अक्षरं असतात म्हणून मलाही कळतो. आणि माझ्या कानांचं कळल्यावर त्यांनी खोलीत खास सोय केली. बाहेरून कुणी बेल दाबली की पलंगावरचा छोटा दिवा लुकलुकतो. आमच्या टेलिफोन एक्स्चेंजच्या बोर्डावर असाच दिवा लागायचा. तो लागला की समजायचं, कुणाला तरी बोलायचंय. जन्मभर लोकांचं ऐकून ऐकून कानांचा कोटा संपला, आता डोळ्यांवर भागवायचं.

सगळ्यात गमतीची सोय म्हणजे दारावरची पाटी. माहितीपत्रकात तिचं नाव 'रोजची विचारपूस' असं आहे. बाहेरच्या मुठीला एक पाटी अडकवलेली असते, एक बाजू हिरवी, एक पिवळी. रात्री मजल्यावरची बाई येऊन सगळ्यांच्या पाट्या पिवळ्या करते. सकाळी आपण उठलो, धडधाकट आहोत, की नाश्त्याच्या आधी दार उघडून ती हिरवी करायची. हिरवी दिसली की कुणी त्रास देत नाही. शहाण्या माणसानं काढलेली युक्ती आहे. मी उठल्या उठल्या हिरवी करते, तोंडसुद्धा नंतर धुते.

आमचे चिरंजीव आठवड्यातून एकदा पडद्यावर दिसतात. त्यांचे ओठ हलतात, मी मान हलवते. मग मी लांबलचक लिहून पाठवते आणि ते उत्तरादाखल अंगठ्याचं चित्र पाठवतात. एवढा शिकवला आणि शेवटी अंगठाबहाद्दर निघाला.

खाली पाहुण्यांसाठी खोली आहे. नातेवाईक येऊन आठवडाभर राहू शकतात. तुम्ही या. मला इथे एक क्षण मोकळा मिळत नाही, पण तुमच्यासाठी काढीन.

तुमची,
वहिनी


१९ मार्च

प्रिय वहिनी,

पत्र वाचलं आणि जळून खाक झाले. आयतं जेवण, आयतं धुणं, वर कोमट पाणी. माझ्या भावाच्या घरात आलीस तेव्हापासून तुझं नशीब जोरावर आहे, हे मी तुझ्या सासूलाही सांगितलं होतं.

इथे काय सांगू. घर नुसतं गजबजलेलं. मुलगा, सून, दोन नातवंडं, वर त्यांचे मित्र. सकाळी कुणाला मोजे सापडत नाहीत, कुणाला चार्जर. शिवणक्लास बंद करून इतकी वर्षं झाली तरी जुन्या बायका येतात, "काकू, जरा बाही बघता का?" मी नसले तर या घराचं पान हलत नाही बघ. म्हणून म्हणते, तुझ्याकडे यायचं मनात खूप आहे, पण पाय निघत नाही. शिवाय गुडघे. जिना उतरताना ते माझ्याशी भांडतात आणि मी त्यांच्याशी. पुढच्या महिन्यात बघू.

एक विचारू? तू सगळ्या सोयी लिहिल्यास. कठडे लिहिलेस, दोरी लिहिलीस, परकर लिहिलास. जेवायला कुणाबरोबर बसतेस ते लिहिलं नाहीस. तुझ्या पत्रात एकही माणूस नाही गं. तुझ्या चित्रपटाच्या पडद्यावर तरी असतात.

आणि मला काही पाठवायचं असेल तर औषधं-बिवधं नको, तिथला तो मऊ पंचा पाठव, ज्याचं तू तिथे गेल्या गेल्या लिहिलेल्या पत्रात एवढं कौतुक केलंस.

तुझी,
वन्सं (आणि हो, अजून भांडायला तयार)


१२ एप्रिल

प्रिय वन्सं,

पंचा पाठवलाय. मिळाल्याचं कळवा.

माणूस नाही म्हणालात, तर घ्या माणूस. आमच्या मजल्यावर एक बाई आहे, पिवळ्या पाट्या करणारी तीच. कमरेला किल्ल्यांचा हा एवढा जुडगा, म्हणून आम्ही सगळे तिला किल्लीवाली म्हणतो. मागच्या महिन्यात एका सकाळी माझा डोळा उशिरा उघडला. आदल्या दिवशी दाढ दुखत होती, गोळी घेतली होती. पाटी करायची राहून गेली. मी आपली न्हाणीघरात निवांत दात घासतेय, दिव्याचं लुकलुकणं कुठून दिसणार? बाहेर येते तर खोलीचं दार सताड उघडं आणि ही मध्यभागी उभी. धापा टाकतेय. एका पायात चप्पल, दुसरी मागे व्हरांड्यात पडलेली. मला बघून मटकन पलंगावर बसली. मग माझ्या डाव्या कानाशी तोंड आणून ओरडली, "आजी, जीव घेतलात की माझा!"

मी म्हटलं, "अगं, जीव माझा जायचा होता, तुझा कशाला घेऊ?"

इतकी हसली. माझं मनगट धरून नाडी बघितली आणि नाडी बघून झाल्यावरही हात सोडला नाही. झोप लागली का, दाढ कुठली, उजवी की डावी, सगळं विचारलं. चहा मागवला, दोघींनी घेतला. तिच्या मुलीला गणित जमत नाही, तिच्या नवऱ्याला दोन मिनिटं गप्प बसणं जमत नाही. बराच वेळ होती. ती गेल्यावर मी खिडकीत बसले तर जेवणाची वेळ कधी झाली कळलंच नाही.

जेवायला कुणाबरोबर बसते म्हणता? प्रत्येकाची खुर्ची ठरलेली आहे. माझ्या समोर एक निवृत्त मुख्याध्यापक असतात. ते बोलतात फार म्हणे. मला ऐकू येत नाही, म्हणून त्यांना माझं टेबल दिलंय, बाकीच्यांनी सुटका करून घेतली.

परवा पुन्हा पाटी करायची विसरले बघा. आणि काल. वय झालं, दुसरं काय. पण किल्लीवाली येते बिचारी.

तुमचा पुढचा महिना हाच ना? पाहुण्यांची खोली रिकामी आहे, मी खाली जाऊन विचारून आले.

तुमची,
वहिनी


२ मे

वहिनी,

पंचा मिळाला. पंच्याचं नंतर.

काल तुझ्या मुलाचा फोन आला होता. भाचा आत्याला फोन करतो म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे मी 'हॅलो' म्हणायच्या आधीच ओळखलं. म्हणाला, "आत्या, आईला विसर पडायला लागलाय. तिथल्या लोकांनी कळवलंय. पाटी उलटायची एवढी साधी गोष्ट, आठवड्यातून चार-चार वेळा राहते. डॉक्टरांनी तपासलं, त्यांनाही तसंच वाटतं. तिला मागच्या इमारतीत, विसर पडणाऱ्यांच्या विभागात हलवायचं म्हणताहेत, मी हो म्हणणार आहे." त्याचा आवाज रडवेला होता. वाईट मुलगा नाही तो, लांब आहे एवढंच.

मी फोन ठेवला आणि तुझं मागचं पत्र पुन्हा वाचलं. मग परत वाचलं.

तू विसरशील? तू? अख्ख्या गावाचे टेलिफोन नंबर जिला तोंडपाठ होते ती? तुझ्या लग्नात मी तुझ्या साडीला काय म्हटलं होतं ते तू माझ्या मुलाच्या लग्नात, भर पंगतीत, शब्दन् शब्द ऐकवलंस. मी मागच्या पत्रात 'पुढच्या महिन्यात बघू' लिहिलं, तू लगेच खाली जाऊन खोलीची चौकशी करून आलीस. दाढ उजवी की डावी विचारलं हे लक्षात, चप्पल एकाच पायात हे लक्षात, आणि डोळ्यासमोरच्या दारावरची पाटी विसरलीस?

मला मूर्ख समजू नकोस. खरं काय ते लिही. गोलगोल लिहिलंस तर मी पत्र परत पाठवीन.

वन्सं


११ मे

प्रिय वन्सं,

तुमच्यापुढे माझं कधी काही चाललंय?

पहिल्या दिवशी खरंच राहिली होती. त्यानंतर एकदाही नाही. त्यानंतर मी रोज पहाटे उठते, आवरते, केस विंचरते, पलंगाची चादर ओढून ठेवते आणि दाराला हात न लावता खुर्चीत बसते. दिव्याकडे बघत. दिवा लुकलुकला की छातीत इतकं भरून येतं की काय सांगू. सोळाव्या वर्षी येत नव्हतं असं.

हिरवी पाटी म्हणजे मी ठीक आहे. ठीक असलेल्या माणसाकडे इथे कुणी येत नाही, वन्सं. येण्याचं कारणच नाही. जेवण वाढतात, चादरी बदलतात, खिडक्या पुसतात, सगळं वेळेवर, सगळे हसून. पण मनगट कुणी धरत नाही. तुमचा दादा गेल्यापासून मला हात लावणारी माणसं म्हणजे डॉक्टर आणि केस कापणारा. मुख्याध्यापकांचे ओठ दिवसभर हलतात आणि मी मान हलवते, मुलासमोर हलवते तशीच. मला एक क्षण मोकळा मिळत नाही असं तुम्हाला लिहिलं ना, ते खोटं होतं. सगळेच मोकळे आहेत.

मग इथल्या व्यवस्थापकांनी बोलावलं. सतत हसतात, आम्ही त्यांना हसरे साहेब म्हणतो. त्यांनी कागदावर लिहून विचारलं, "पाटी का राहते?" माझ्यापुढे दोनच उत्तरं होती. मी लिहिलं, "विसरते." दुसरं लिहायला हात धजेना. विसरभोळी म्हातारी म्हटलं तर लोक कौतुकानं हसतात. कुणी यावं म्हणून दार लावून बसणारी म्हातारी म्हटलं की नजर चुकवतात.

डॉक्टरांनी तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले. झाड, चमचा, खिडकी. थोड्या वेळानं विचारले. दोन सांगितले. खिडकी अगदी जिभेवर होती, गिळली. विसरते म्हणून लिहून दिलं होतं ना, मग सगळेच आठवून कसं चालेल? हा माझा मूर्खपणा. मला वाटलं, एवढ्यावर भागेल.

मागच्या इमारतीत दाराला आतून कडी नाही. सामान त्यांचं, पडदे त्यांचे. तुमच्या दादाची वेताची खुर्ची तिकडे नेता येणार नाही, धारदार कोपरे चालत नाहीत म्हणे. शेजारच्या बाईंना नेलं तेव्हा मी भेटायला गेले होते. त्यांच्याभोवती सारखी माणसं होती आणि त्या कुणाकडेच बघत नव्हत्या. मला ही खोली सोडायची नाही, वन्सं. कडी माझी आहे, खुर्ची तुमच्या दादाची आहे, खिडकी माझी आहे. पण खोली ठेवायची तर खरं सांगावं लागेल, आणि ते मला जमणार नाही.

तुम्हीही सांगू नका. शपथ आहे तुम्हाला.

वहिनी


१८ मे

वहिनी,

शपथ मोडली.

तुझं पत्र तुझ्या मुलाला फोनवर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवलं. मध्ये एकदा मला थांबावं लागलं, एकदा त्याला. वाचून झाल्यावर तो म्हणाला, "आत्या, मला वाटायचं मी अंगठा पाठवला की तिला बरं वाटतं."

मग त्या हसऱ्या साहेबांना फोन लावला. ते हसत होते की नाही ते दिसलं नाही, पण शेवटी आवाजात हसू नव्हतं. त्यांना म्हटलं, आमच्या वहिनीचं डोकं तुमच्या सगळ्या कार्यालयापेक्षा शाबूत आहे. तो तिसरा शब्द खिडकी आहे, हवं तर पुन्हा विचारा.

चिडायचं असेल तर खुशाल चीड. बोलायचं नसेल तर बोलू नकोस. तुझी लाज गेली तर माझ्या नावावर लिही, पण तुझी कडी गेली असती तर मला सहन झालं नसतं.

वन्सं


३० जून

प्रिय वन्सं,

लिहायला उशीर झाला. आधी चिडले होते, मग तुमच्यावर चिडायची सवय राहिली नाही असं लक्षात आलं, मग नुसतंच राहून गेलं.

खोली राहिली. डॉक्टरांनी पुन्हा तपासलं, पाच शब्द दिले, मी ते उलट्या क्रमानंही सांगितले. चिरंजीव आता अंगठा पाठवत नाहीत, ओळी पाठवतात. दोन-तीनच असतात, पण स्वतः जुळवलेल्या असतात. एकदा लिहिलं, "आई, आज तुझी आठवण आली." मी तो मजकूर बंद करून पुन्हा उघडून बघते. हे तुमच्यामुळे झालं, ते मान्य केलं पाहिजे.

आणि हसऱ्या साहेबांनी माझ्यासाठी नवी सोय सुरू केलीय. 'संवाद वेळ' असं तिचं नाव. नाश्त्यानंतर किल्लीवाली माझ्याकडे पाव तास येते. बेल दाबते, दिवा लुकलुकतो, दार मी उघडते. ती खुर्चीत बसते. माझ्या कानाशी तोंड आणून विचारते, "आजी, आज कसं वाटतंय?" मी म्हणते छान. ती मुलीच्या गणिताचं सांगते, मीही विचारते. मनगट धरायचं काही कारण नसतं. मग तिची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे जाते. तिचा काही दोष नाही, तिला आणखी कितीतरी खोल्या आहेत. उठते, माझी चादर सारखी करते आणि जाते. दोन्ही चपला पायात असतात.

ती धावत यायची, वन्सं. तेच होतं सगळं. चहाचं काही नव्हतं, गप्पांचंही नव्हतं. माझ्यासाठी कुणीतरी धावत आलं होतं. ते सोयींच्या यादीत घालता येत नाही, हे मला आता कळलं. त्यांना कसं कळणार?

पाटी मी उठल्या उठल्या हिरवी करते. आता कधी चुकायची नाही.

तुम्हाला बोलवायचं मी बंद करते. तुमचं घर गजबजलेलं आहे, तुम्ही नसलात तर तिथलं पान हलत नाही. उगाच दर पत्रात तेच लिहून तुम्हाला कानकोंडं कशाला करू? पत्र मात्र लिहीत जा.

तुमची,
वहिनी


९ जुलै

प्रिय वहिनी,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी कपाटातून चिंध्यांची पेटी काढली. हिरवं कापड मिळालं, पिवळंही मिळालं, जुन्या अस्तराचं. मध्ये पुठ्ठा घालून दोन्ही बाजू शिवल्या, वर नाडी लावली. हात अजून बरा चालतो, टाका सरळ पडला. आणि माझ्या खोलीच्या दाराला अडकवली. पिवळी बाजू बाहेर.

म्हटलं बघू या, या गजबजलेल्या घरात कोण धावतं.

सकाळी मुलगा समोरून गेला, फोनवर बोलत. सून दोनदा गेली, दुसऱ्यांदा पाटी कलली होती ती सरळ करून गेली. नातू तर पाटीला डोकं आपटून गेला. मी दार लोटून आत बसले होते. दुपारी माझं ताट नेहमीसारखं दाराशी स्टुलावर ठेवलेलं होतं. हो, मी खोलीतच जेवते, तुला कधी लिहिलं नाही. त्यांच्या वेळा वेगळ्या, माझ्या वेगळ्या. दुसऱ्या दिवशीही पिवळीच ठेवली. त्यानंतरही. शेवटी नात थांबली. मला वाटलं, विचारलं हिनं! ती म्हणाली, "आजी, छान दिसतंय. मलाही एक करून देशील? जांभळी."

करून दिली. वाईट कुणीच नाही गं इथे. मी ठीक आहे असं सगळे धरून चालतात, बस.

जुन्या बायका बाही दाखवायला येतात असं लिहिलं होतं ना, शेवटची कधी आली होती ते मलाही आठवत नाही. मोजे ज्याचे त्याला सापडतात. मी नसले तरी या घराचं पान हलेल, चांगलं सळसळेल. पाय निघत नव्हता तो याचसाठी. तुझ्याकडे आले आणि मागे कुणाला माझी उणीव भासली नाही, तर परत कुठल्या तोंडानं येऊ? घरातच राहिलं तर निदान ते कळत तरी नाही.

आता कळलंच आहे, तर यायला काय हरकत आहे?

काल हसऱ्या साहेबांना फोन करून पाहुण्यांची खोली सांगितली. पुढच्या सोमवारी सकाळी पोचते. मुलगा गाडीनं सोडतो म्हणाला, मी म्हटलं दारापर्यंतच सोड, पुढे माझी मी जाते. आठवडाभर आहे, आणि तुझ्या शेजारच्या बाईंची खोली अजून रिकामी असेल तर कार्यालयात जाऊन चौकशी करायचीय, तूही चल बरोबर. त्या मुख्याध्यापकांच्या टेबलाला माझी खुर्ची लावून ठेव. मला चांगलं ऐकू येतं, त्यांना समोरासमोर उत्तरं देते.

आणि आता अहोजाहो पुरे. लग्नातल्या साडीबद्दल जे बोलले ते मागे घेते. सुंदर होती. मला तशीच हवी होती.

सोमवारी पाटी हिरवी करून ठेव, तुझ्या कडीशी आपल्याला खेळ करायचा नाही. खुर्चीत बसून राहा. लिफ्टपासून तुझ्या दारापर्यंत लांब व्हरांडा आहे असं तू लिहिलं होतंस. माझे गुडघे तुला माहीत आहेत. मला धावता यायचं नाही, वहिनी. कठडा धरून येईन, मध्ये दोनदा थांबेन. उशीर झाला तर उठून जाऊ नकोस.

दिवा लागेल. लागला की समज, कुणाला तरी बोलायचंय.

तुझी,
वन्सं